समुद्र नसलेला सागरी प्रांत



चौतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. राजे शिकवले, लढाया शिकवल्या, तह शिकवले, सनावळ्या तर पाठच करून घेतल्या. पण जंगलाचा धडा काही कुठल्या पुस्तकात आला नाही. नाटकात मागच्या पडद्यावर झाडं रंगवलेली असतात ना, तशी इतिहासाच्या पुस्तकातली झाडं आपली मागे उभी. पुढे घोडे धावतायत, तोफा उडतायत, आणि तो पडदा कोणी रंगवला, कोणी फाडला, कोणी शिवला, हे विचारायचं कोणाला सुचत नाही.

निवृत्तीनंतर सावकाश वाचायला लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. जंगलालाही इतिहास असतो, आणि तो बहुतेक वेळा कायद्याच्या भाषेत लिहिलेला असतो. कोणी कुठलं झाड तोडायचं, कोणी नाही. कोणाची शेळी कुठे चरायची, कुठे नाही. आज अशाच एका जंगलाबद्दल लिहितो आहे. ते आपल्याकडचं नाही, पार स्पेनमधलं आहे. पण वाचता वाचता तुम्हाला ते ओळखीचं वाटलं, तर नवल वाटून घेऊ नका.

लेक आणि जावई माद्रिदला असतात. २०१८ च्या मे महिन्यात त्यांच्याकडे मुक्काम होता तेव्हा चार दिवस काढून आम्ही सगळे दक्षिणेला गेलो. सगळे पर्यटक ग्रानादाचा राजवाडा बघायला जातात. जावयाने मात्र आधीच सांगून ठेवलं होतं, "बाबा, तुम्हाला राजवाड्यापेक्षा आवडेल असं एक ठिकाण आहे." ते ठिकाण म्हणजे हाएन प्रांतातलं काझोर्ला, सेगुरा आणि लास व्हियास या तीन डोंगररांगांचं निसर्ग उद्यान. क्षेत्रफळ सुमारे २१०० चौरस किलोमीटर. स्पेनमधलं हे सर्वांत मोठं संरक्षित क्षेत्र.

तिकडे जायचा रस्ता ऑलिव्हच्या बागांतून जातो. बागा म्हणजे किती? या एका प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून अधिक झाडं आहेत. तास-दीड तास गाडी चालली तरी टेकड्यांवर रांगोळीच्या ठिपक्यांसारखी तीच झाडं, तेच अंतर, तीच राखी हिरवाई. डोळे कंटाळतात. आणि मग एकदम समोर चुनखडीच्या दगडाची भिंत उभी राहते. पायथ्याला काझोर्ला गाव, त्याच्या शेजारी ला इरुएलाचा किल्ला. एका सुळक्यावर तो असा काही टेकवलाय की आपल्या गडकऱ्यांनीही मान डोलवावी.

भिंत ओलांडून पलीकडे उतरलं की निराळाच मुलूख. खाली अलेप्पो पाइन, मधल्या उंचीवर समुद्री पाइन, आणि वर सुमारे २१०० मीटरपर्यंत पोचणाऱ्या माथ्यांवर काळा पाइन. त्यातली काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिली गेली (१२९०), तेव्हा ती झाडं चांगली थोराड झालेली होती.

हवामान आपल्या उलट. आपल्याकडे उन्हाळा संपला की पाऊस. तिथे पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात, आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा. मग उन्हाळ्यात नद्या वाहतात कशा? तर ते काम चुनखडीचं. हिवाळ्यातलं पाणी हा दगड भेगाभेगांतून पिऊन घेतो आणि वर्षभर झऱ्यांतून थोडंथोडं सोडतो. डोंगर म्हणजे एक मोठा रांजणच म्हणा ना!

या रांजणातून दोन मोठ्या नद्या निघतात. सेगुरा पूर्वेला जाऊन भूमध्य समुद्राला मिळते. ग्वादालकिवीर आधी ईशान्येला जाते, मग जणू काही आठवल्यासारखी वळते आणि सारा आंदालुसिया ओलांडून, ६५० किलोमीटरहून जास्त चालून, अटलांटिकला मिळते. नाव अरबी आहे, अर्थ 'मोठी नदी'. महाबळेश्वरला आपण मुलांना दाखवतो ना, कृष्णा इकडे, सावित्री तिकडे, अगदी तसं. या नदीच्या जन्मस्थानाबद्दल कवी आंतोनियो माचादोने लिहिलंय. तो जवळच बाएसा गावात १९१२ ते १९१९ फ्रेंच शिकवत होता. मास्तरकी करणारा कवी म्हटल्यावर मला त्याच्याबद्दल उगाच आपुलकी वाटली. असो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

हा डोंगराळ मुलूख तेराव्या शतकात मुसलमान सत्तेकडून ख्रिस्ती सत्तेकडे आला. १२३१ मध्ये राजा तिसरा फेर्नांदो याने काझोर्लाच्या बाजूचा प्रदेश जिंकण्याची आणि सांभाळण्याची कामगिरी तोलेदोच्या आर्चबिशपकडे सोपवली. १२४२ मध्ये सेगुराची बाजू सांतियागोच्या लष्करी पंथाला मिळाली. पुढे १४९२ मध्ये ग्रानादा पडेपर्यंत अडीचशे वर्षं ही सरहद्द होती. सरहद्दीवर राहायला कोण येणार? म्हणून तिथे वस्ती करणाऱ्यांना सवलती द्याव्या लागल्या. त्यातली मोठी सवलत म्हणजे रान सगळ्यांचं. चराई, जळण, घरासाठी लाकूड, हे सारं गावाच्या सामाईक हक्कात. १५८० मध्ये सेगुरा आणि भोवतालच्या गावांनी या सामाईक रानाचे नियम लिहून काढले. म्हणजे लोक 'अडाणी' होते आणि मनाला येईल तसं तोडत होते, असं नव्हतं. वापरायचं कसं आणि राखायचं कसं, याची रीत त्यांनी बसवलेली होती.

मग अठराव्या शतकात या डोंगरावर एक फार चमत्कारिक गोष्ट घडली. इथे समुद्र आला!

म्हणजे खरा समुद्र नव्हे. सेगुरा दे ला सिएरा हे डोंगरावरचं किल्ल्याचं गाव. तिथून समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरहून अधिक लांब. पण स्पेनला आरमार पुन्हा उभं करायचं होतं. इंग्रजांशी स्पर्धा, अमेरिकेतल्या वसाहतींशी ये-जा, त्यामुळे जहाजं हवीत. जहाजांना लाकूड हवं. सेव्हियाच्या अवाढव्य शाही तंबाखू कारखान्याच्या बांधकामासाठी १७३० च्या दशकापासून सेगुराचे पाइन तोडून नदीने नेले जात होतेच. (त्या इमारतीत आता विद्यापीठ आहे.) तिथल्या लाकडाची कीर्ती झाली. १७४८ च्या जानेवारीत राजा सहावा फेर्नांदो याच्या कारकिर्दीत, मंत्री मार्केस दे ला एन्सेनादा याने आरमाराच्या जंगलांचा कायदा केला. किनाऱ्याजवळची आणि ओंडके वाहून नेता येतील अशा नद्यांकाठची जंगलं आरमाराच्या अमलाखाली आली. त्यात डोंगरातलं सेगुरा 'सागरी प्रांत' ठरलं. लाटा नाहीत, वाळू नाही, मासळीबाजार नाही, पण सागरी प्रांत! दोन्ही नद्या त्याला कारण झाल्या. ग्वादालकिवीरने ओंडके सेव्हियाला आणि तिथून काडिझजवळच्या ला काराका गोदीकडे, आणि सेगुराने कार्ताहेनाच्या बाजूला.

झाडं मोजली गेली, त्यांच्या नोंदी झाल्या. ज्या रानातून आजोबा-पणजोबांनी नांगराचं लाकूड आणलं, घराची तुळई आणली, तिथे आता आरमाराच्या अधिकाऱ्याची परवानगी लागायची. परवानगीविना तोड केली की दंड. वर नवी झाडं लावायची सक्ती. कागदावर पाहिलं तर या कायद्यात जंगल राखण्याची तळमळ दिसते, आणि ती खोटीही नव्हती. जहाजांना पुढची शंभर वर्षं लाकूड पुरवायचं तर जंगल टिकायलाच हवं होतं. पण टिकवायचं कोणासाठी, याचं उत्तर बदललं होतं. सोळाव्या शतकातल्या नियमांत उत्तर होतं 'आमच्यासाठी'. आता उत्तर होतं 'राजासाठी'.

ओंडके नेण्याचं काम मात्र त्याच माणसांनी केलं. लांब काठीला लोखंडी आकडा लावायचा, आणि नदीत सोडलेल्या हजारो ओंडक्यांबरोबर काठाकाठाने, कधी ओंडक्यांवर उभं राहून, महिनोन्महिने चालायचं. ओंडका खडकात अडकला की उतरून तो मोकळा करायचा, तोही थंड पाण्यात. आरमारी अंमल १८३० च्या दशकात उठला, पण नदीने लाकूड नेण्याची पद्धत विसाव्या शतकापर्यंत चालू होती.

इथे मला आपल्या 'आज्ञापत्रा'ची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा ग्रंथ साधारण १७१५ चा, म्हणजे एन्सेनादाच्या कायद्याच्या तेहतीस वर्षं आधीचा. त्यातही आरमाराला लाकूड लागतं हाच प्रश्न आहे. सांगणं थोडक्यात असं, की सागवानासारखं लाकूड परवानगीने रानातून घ्यावं, पण आंबा-फणसाला हात लावू नये. कारण रयतेने ती झाडं पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच झालं, तर धन्याला राजी करून आणि मोल देऊन. प्रत्यक्षात हे किती पाळलं गेलं हा निराळा विषय. पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे झाडामागे उभा असलेला माणूस होता. एन्सेनादाच्या कायद्यात झाडाचा घेर आहे, उंची आहे, जात आहे. माणूस आहे तो मजूर म्हणून, नाही तर गुन्हेगार म्हणून.

आरमार गेलं तशी पुढे रेल्वे आली. यादवी युद्धानंतर स्पेनच्या रेल्वे कंपन्या १९४१ मध्ये सरकारने एकत्र केल्या. रुळांखालच्या स्लीपरसाठी लाकूड हवं होतं. जहाजांच्या काळातही न तुटलेले काळे पाइन आता कापले गेले. ग्वादालकिवीरच्या वरच्या खोऱ्यात वादियो-कास्त्रिलला रेल्वेची मोठी लाकूड गिरणी उभी राहिली, तिच्याभोवती कामगारांची वस्ती झाली. आज ती गिरणी बंद आहे. फार उंचावरची आणि अडचणीच्या जागची झाडं वाचली, ती या कटाईवाल्यांना तिथे पोचता आलं नाही म्हणून. हजार वर्षांचं झाड पाहिलं की आपण त्याच्या आयुष्याला नमस्कार करतो. खरं तर निम्मा नमस्कार त्या अवघड कड्याला करायला हवा.

त्याच सुमारास नदी अडवली गेली. एल त्रांको इथलं धरण १९४४ मध्ये पुरं झालं. पाणी साठतं सुमारे ५० कोटी घनमीटर. त्या पाण्याखाली बुहाराइसा नावाचं गाव गेलं. जलाशयाच्या मध्यावर एक छोटं बेट आहे, आणि त्यावर बुहाराइसाच्या जुन्या किल्ल्याचा पडका बुरूज अजून उभा आहे. पर्यटक रस्त्याकडेला गाड्या थांबवून त्याचे फोटो काढतात. दृश्य सुंदर आहे यात वाद नाही. निळं पाणी, हिरवं बेट, मागे डोंगर.

मला तो फोटो काढवला नाही. माझं आजोळ कोयनेकाठचं. १९६०-६१ च्या सुमारास गाव उठलं तेव्हा मी चौथीत होतो. आता तिथे शिवसागर जलाशय आहे. आजीने उंबऱ्याची लाकडी पट्टी काढून गाडीत घातली होती, एवढं मला स्पष्ट आठवतं. नव्या जागी घर झालं, पण त्याच्या दाराच्या मापाला ती पट्टी बसेना. ती पुढे वीस वर्षं माळ्यावर पडून होती. कोयनेच्या विजेवर महाराष्ट्र मोठा झाला. आम्ही शिकलो तेही त्याच विजेच्या उजेडात, हे मी विसरत नाही. पण ती पट्टीही विसरत नाही.

धरणानंतर तिथे काय झालं ते ऐका. १९६० मध्ये सरकारने या डोंगरात 'राष्ट्रीय शिकार क्षेत्र' जाहीर केलं, सुमारे ७०० चौरस किलोमीटरचं. हुकूमशहा फ्रांकोला शिकारीचा शौक होता, तोही इथे येत असे. शिकार क्षेत्राला शिकार हवी. डोंगरी रानबोकड मूळचाच होता. नाहीसं झालेलं लाल हरीण पुन्हा आणलं, फॅलो हरीण आणलं, बाहेरची रानमेंढी मुफ्लोनही आणून सोडली. लांडगा तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपवलेला होता. आणि जिथे शिकारीचे प्राणी वाढवायचे, तिथे शेळ्यांचे कळप आणि वाड्या-वस्त्या नकोत. डोंगरातल्या विखुरलेल्या वाड्या १९५०, ६० आणि ७० च्या दशकांत रिकाम्या झाल्या. जमिनी सरकारच्या वनखात्याने घेतल्या. काहींना नदीकाठी कोतो रिओस नावाचं नवं गाव वसवून दिलं. बाकीचे कोण कातालोनियात गेले, कोण व्हालेन्सियात.

कोतो रिओसमध्ये आम्ही जिथे जेवलो, तिथे बाहेर बाकड्यावर एक आजोबा बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. लेकीला दुभाषी करून मी त्यांना विचारलं, तुम्ही मूळचे इथलेच का? त्यांनी हाताने वरचा डोंगर दाखवला. त्यांची वाडी तिथे होती, पाच घरांची. आता काय आहे तिथे? ते म्हणाले, "भिंती पडल्या. पण दारातलं अक्रोडाचं झाड आहे. मुलगा गाडीने जवळपर्यंत नेतो, पुढे चालत जातो. दर ऑक्टोबरात अक्रोड घेऊन येतो." राग वगैरे काही नव्हता आवाजात. मग त्यांनी मला उलट विचारलं, तुमच्याकडे अक्रोड होतात का? मी म्हटलं, आमच्याकडे फणस होतात. फणस म्हणजे काय ते समजावताना लेकीच्या नाकी नऊ आले!

आधी धरण, मग प्राण्यांसाठी राखीव क्षेत्र. कोयनेच्या लोकांना हा क्रम सांगायला नको. आपल्याकडेही जलाशयाच्या काठच्या रानात १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २००४ मध्ये शेजारी चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. देश निराळा, हेतू निराळा, पण वाडी उठवण्याची रीत सारखीच.

१९८३ मध्ये युनेस्कोने काझोर्लाच्या डोंगरांना जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आणि १९८६ मध्ये निसर्ग उद्यान जाहीर झालं. आता शिकारीपेक्षा जैवविविधतेवर भर आला. आणि या बाबतीत हे डोंगर खरंच श्रीमंत आहेत. कड्यांच्या भेगांतून उगवणारं काझोर्लाचं व्हायोलेट हे गुलाबी-किरमिजी फूल आम्हाला मे महिन्यात बघायला मिळालं. त्याला मागे लांब शेपटीसारखी नळी असते, तिच्यातला मध फक्त लांब सोंडेच्या पतंगालाच काढता येतो. इथे ओढ्याकाठच्या सावलीत एक छोटी तपकिरी पालही राहते. होसे आंतोनियो व्हाल्वेर्दे या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली. याच व्हाल्वेर्देने पुढे ग्वादालकिवीरच्या मुखाजवळची दोन्याना ही पाणथळ भूमी वाचवण्यासाठी जिवाचं रान केलं. १९६९ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली. नदीच्या उगमाकडची पाल आणि मुखाकडचे पक्षी, दोन्हींशी एकाच माणसाचं नाव जोडलेलं आहे!

पण उद्यान जाहीर झालं त्याच सुमारास दोन मोठे धक्के बसले. १९८७ मध्ये रानबोकडांमध्ये खरजेची साथ आली. एवढीशी खरूज, पण कळपच्या कळप झडून मेले. साधारण दहा हजारांच्या संख्येतले पंचाण्णव टक्क्यांहून अधिक बोकड गेले. शिकारीच्या काळात संख्या वाढू दिली होती, त्यांना आवर घालणारा लांडगा नव्हता. दाटीत रोग पसरायला वेळ लागला नाही. सध्या दिसतात ते बोकड त्यातून वाचलेल्या थोड्यांचे वंशज. आम्हाला एका कड्यावर सात दिसले. कड्याच्या टोकावर असे निवांत उभे, जणू ओसरीवर उभे आहेत.

दुसरा धक्का म्हणजे १९८६ च्या सुमारास इथलं दाढीवालं गिधाड संपलं. त्याबरोबर सगळ्या आंदालुसियातून हा पक्षी गेला. स्पॅनिश नावाचा अर्थ 'हाडं फोडणारा'. पंखांचा पसारा अडीच मीटरच्या वर. हा पक्षी मांस फारसं खात नाही, इतरांनी टाकलेली हाडं खातो. हाड मोठं असेल तर उंचावर नेऊन खडकावर टाकतो, फोडतो आणि तुकडे गिळतो. आपल्या हिमालयातही तो आहे. त्याला संपवलं ते बंदुकीने आणि विषाने. कोल्ह्या-लांडग्यांसाठी पेरलेलं विषारी मांस शेवटी यांच्या पोटात गेलं.

त्याला परत आणण्याची गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९९६ मध्ये उद्यानातच ग्वादालेन्तिनला पैदास केंद्र सुरू झालं. मादी दोन अंडी घालते, पण मोठं पिल्लू धाकट्याला मारून टाकतं. केंद्रात ते धाकटं वाचवता येतं. पिल्लाने माणसाला आईबाप समजू नये म्हणून त्याला माणूस दिसूच देत नाहीत. २००६ मध्ये पहिली पिल्लं कड्यावरच्या कपारीत ठेवून रानात सोडली. मग वाट बघणं. हा पक्षी वयात यायला आठ-नऊ वर्षं घेतो. २०१५ मध्ये सोडलेल्या पक्ष्यांच्या जोडीला रानातल्या घरट्यात पहिलं पिल्लू झालं. तीस वर्षांत पहिलं! नाव ठेवलं 'एस्पेरान्सा', म्हणजे आशा.

केवळ पिंजऱ्यातल्या पैदाशीने हे झालं नाही. विष थांबलं नसतं तर सोडलेला प्रत्येक पक्षी मेला असता. त्यासाठी आंदालुसियात २००४ पासून विष हुंगून काढणारी कुत्री फिरवली गेली, आणि मेंढपाळ, शिकारी, गावकरी यांच्याशी बोलावं लागलं. आणि खरी गंमत पुढे आहे. या पक्ष्याला हाडं हवीत. हाडं कुठून येणार? शेळ्या-मेंढ्यांच्या कळपांतून! सेगुराचे मेंढपाळ अजूनही हिवाळ्यात कळप घेऊन सिएरा मोरेनाच्या उबदार चराईकडे जातात आणि उन्हाळ्यात परत डोंगरावर येतात, आपले धनगर कोकणात उतरून परत देशावर येतात तसे. हा कळप वाटेत कुठे मेलेलं जनावर टाकतो, त्यावर हा पक्षी जगतो. म्हणजे ज्या शेळ्यांना आणि मेंढपाळांना एकदा जंगलाचे वैरी म्हणून बाहेर काढलं, त्यांच्याविना जंगलाचा हा राजा जगू शकत नाही.

गिधाडांच्या बाबतीत आपण त्यांना एक कडू धडा आधीच दिलेला होता. जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक गिधाडांना मारतं, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपली होती. २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. तरी स्पेनने २०१३ मध्ये तेच औषध जनावरांसाठी मंजूर केलं. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की कातालोनियात एक काळं गिधाड त्यानेच मेलं होतं. शेजारचं घर जळलेलं पाहूनही आपण आपल्या घरात चूल उघडी ठेवतो, त्यातलाच प्रकार.

या सगळ्यातून मला काय उमगलं? आरमार, रेल्वे, शिकारखाना, उद्यान. तीनशे वर्षांत या डोंगराचे मालक बदलले. प्रत्येकाने झाडं मोजली, नंतरच्यांनी प्राणी मोजले. शेवटच्या मालकाचा हेतू सर्वांत चांगला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. उद्यान नसतं तर व्हायोलेट, पाल, बोकड, गिधाड, काही उरलं नसतं. पण जंगल माणसाविना राखायचं की माणसासकट, या प्रश्नाचं उत्तर शेवटी त्या हाडं खाणाऱ्या पक्ष्याने दिलं. १५८० मध्ये ज्या गावकऱ्यांनी आपल्या रानाचे नियम लिहिले, त्यांना हे उत्तर ठाऊक असणार. मधल्या काळात ते हरवलं, इतकंच.

आपल्याकडे सह्याद्रीत वाघ परत आणण्याचं काम चाललंय. वाघ यावा, जरूर यावा. फक्त यावेळी मोजदाद करताना कोणीतरी वाड्यांची, वाटांची आणि दारातल्या फणसांचीही यादी करावी, असं या म्हाताऱ्या मास्तराला वाटतं. आपल्या घराण्यातल्या पोरांनी निदान एवढं करावं. आजोळच्या रानाला काय म्हणत, तिथे काय पिकत होतं, देवाचं झाड कुठलं, गुरं कुठल्या वाटेने जात, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारून वहीत उतरवून ठेवावं. विचारण्यासारखी माणसं आता थोडी उरली आहेत. आमच्या आजोळची यादी मी केलीय. सत्तावीस झाडं आठवली, त्यातली नऊ फणसाची. कोणाला त्यात भर घालता आली तर जरूर कळवा.